सातबारा नसलेल्यांचे मत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला लागून कोळशाची खुली खाण आहे. तिचा विस्तार करायचे ठरले तेव्हा गावाचे मत विचारायला सरकार गावात आले. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. मंचावर अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आणि खाणीचे साहेब. समोरच्या खुर्च्यांवर शेतकरी आणि पुढारी. मांडवाच्या काठाला, उन्हात उभी, आमची बौद्ध वस्ती. तीन तास भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली की गावाने विस्ताराला सशर्त पाठिंबा दिला. अटी नऊ होत्या. त्यांतली एकही आमच्या वस्तीची नव्हती.

तेव्हापासून 'गावाचे मत' हे दोन शब्द तपासून घेतले पाहिजेत असे मला वाटू लागले. आमच्या गावात खाणीबद्दल एक नव्हे, तीन मते आहेत, आणि ती माणसाच्या विचारांपेक्षा त्याच्या नावावरच्या जमिनीवरून ठरतात.

पहिले मत ज्यांची जमीन संपादनात जाणार त्यांचे. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे माप आहे. ज्यांचे तुकडे त्याहून लहान, त्यांनी ते एकत्र करून एका नावावर नोकरी मागावी किंवा नोकरीऐवजी पैसे घ्यावेत. म्हणून हा शेतकरी खाणीच्या विरोधात नसतो. त्याचे भांडण बाहेर दराशी आणि घरात भावाशी असते.

दुसरे मत ज्यांची जमीन हद्दीच्या अलीकडे राहिली त्यांचे. त्यांना मोबदला नाही, नोकरीही नाही. कापसावर काळी धूळ बसते, सुरुंगाने भिंती तडकतात, विहीर आटते. खुली खाण गावच्या विहिरींपेक्षा खोल जाते. तिच्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर सोडावे लागते, आणि भोवतालचे भूजल त्या खड्ड्याकडे ओढले जाते. म्हणून हा शेतकरी सुनावणीत उठून "आमचीही घ्या" म्हणतो. अहवालात तो समर्थक म्हणून जातो. वस्तुतः तो खाणीपासून सुटका मागत असतो, आणि सुटकेचा दुसरा मार्ग त्याला कोणी दाखवलेला नसतो.

तिसरे मत आमचे. वस्तीतल्या बहुतेक घरांना जमीन नाही. सुनावणीच्या आदल्या रात्री विहारासमोर बैठक झाली. तरुण म्हणाले, खाण वाढली पाहिजे, ठेकेदाराकडे तरी काम मिळेल. म्हातारे गप्प होते. कापूस वेचायला जाणारी एक बाई म्हणाली, "गुरुजी, वावरं गेली त मी वेचाले कोठं जाऊ? अन् खाण बंद पडली त पोरगा कोठं जाईन? तुमीच सांगा, मी कोनाकडून बोलू?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी ती मांडवाशी आली, उभी राहिली आणि न बोलता परत गेली.

आमच्या लोकांना खाणीविषयी एकच एक भावना ठेवता येत नाही, याला इतिहास आहे. माझे वडील पन्नासच्या दशकात गाव सोडून भूमिगत खाणीत लोडर म्हणून लागले. तेव्हा मालक खाजगी होते. खाली अंधार आणि डोक्यावर छप्पर कोसळण्याची भीती. तरी वडील सांगत की खाली सगळेच काळे होतात, आणि मजुरी रोख मिळते. गावात मेलेले ढोर ओढले की शिळ्या भाकरी मिळत. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या वस्तीने गावकीची कामे टाकली. गावाने मजुरी बंद केली तेव्हा खाणीतल्या पगारावर चुली पेटल्या. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वडिलांच्या हाती कायम नोकरीचा कागद आला. मी शिकलो आणि शिक्षक झालो तो त्या कागदावर.

बाबासाहेब स्वतः 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1943 मध्ये त्यांनी धनबादच्या खाणींना भेट दिली आणि पुढच्याच वर्षी खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खेडे ही आपल्या मुक्तीची जागा आहे असे त्यांनी कधी मानले नाही. तेव्हा शहरातून येऊन कोणी "खाण नको, गाव पूर्वीसारखे राहू द्या" असे म्हणाला, तर मला विचारावेसे वाटते : पूर्वीसारखे म्हणजे कोणाचे?

पण येथेच थांबलो तर आपली फसगत होईल. वडिलांची खाण आणि आजची खाण एक नव्हे. कोल इंडिया 1975 मध्ये स्थापन झाली तेव्हा वर्षाचे उत्पादन 7 कोटी 90 लाख टन होते आणि कामगार सहा लाखांवर होते. 2024-25 मध्ये उत्पादन 78 कोटी टनांवर गेले, कामगार मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. कोळसा दहापट झाला आणि कायम कामगार निम्म्याहूनही कमी झाले. कारण आता नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तेथे माती शॉवेल उचलतो, डंपर वाहतो, आणि ह्या कामाचा मोठा भाग ठेकेदाराकडे असतो. ठेक्यावरच्या पोराला ठेका संपला की घरी बसावे लागते. म्हणजे वस्तीतले तरुण ज्या खाणीसाठी 'हो' म्हणतात ती आजोबांच्या आठवणीतली आहे. प्रत्यक्षात येणाऱ्या खाणीत त्यांना आजोबांसारखी जागा नाही.

आता कायदा पाहू. कोळशाची जमीन प्रामुख्याने 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) कायद्याने घेतली जाते. कलम 7 ची अधिसूचना निघाल्यावर 30 दिवसांत हरकत घेता येते. पण हरकत घेण्याचा अधिकार जमिनीत हितसंबंध असणाऱ्यालाच आहे, आणि हितसंबंध असणारा म्हणजे मोबदल्यात ज्याला हिस्सा मागता येईल तो. जिने तीस वर्षे त्या वावरात कापूस वेचला, ती ह्या व्याख्येत बसत नाही. 2012 च्या धोरणात शेतमजुरांचा उल्लेख आहे. लहानसहान धंद्यासाठी कंपनी त्यांना मदत करील आणि ठेकेदारांनी त्यांना प्राधान्याने घ्यावे म्हणून प्रयत्न करील, असे त्यात म्हटले आहे. जमीनवाल्याला नोकरी आणि भूमिहीनाला शिफारस, असा त्याचा अर्थ.

2013 च्या भूसंपादन कायद्याने ही चौकट थोडी रुंद केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राहून किंवा काम करून ज्यांचे पोट त्या जमिनीवर चालले, ती शेतमजूर, कूळ आणि कारागीर कुटुंबेही 'बाधित कुटुंबे' ठरली. कोळशाचा कायदा आधी ह्याच्या बाहेर ठेवला होता. 28 ऑगस्ट 2015 च्या केंद्राच्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी कोळशालाही लागू झाल्या. सामाजिक परिणामांची तपासणी मात्र लागू झाली नाही. बाधित कुटुंबे किती, याचा पहिला अंदाज याच तपासणीत घेतला जातो. म्हणजे हक्क कागदावर आला, पण हक्कदार मोजण्याची पायरी गाळली गेली. वस्तीने स्वतःला मोजले नाही तर दुसरे कोणी मोजेल याचा भरवसा नाही.

तीच गोष्ट सामाईक जमिनीची. आमच्या भागात प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक असते. गुरे कोठे चरतील, सरपण कोठून आणायचे, मुरूम कोठून काढायचा, हे त्यात लिहिलेले असते. ज्याला शेत आहे त्याचे ह्या जमिनीवाचून एक वेळ भागते. ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि एक चूल एवढेच आहे, त्याचे भागत नाही. ती जमीन खाणीत गेली की मोबदल्याच्या यादीत त्याचे नाव कोठेच येत नाही.

राहिली सार्वजनिक सुनावणी. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची किमान 30 दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो, कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते आणि नोंदलेले मुद्दे लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. लेखी म्हणणेही देता येते. किती लोक हजर असावेत असे बंधन नाही. सुनावणीत मतदान होत नाही, हे कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. हात किती वर झाले याला तेथे अर्थ नाही. जो मुद्दा नोंदला गेला त्याला कंपनीने उत्तर द्यायचे असते. जो नोंदला गेला नाही तो अस्तित्वातच नसतो. आणि हे दारही आकसत आहे. मे 2022 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, आधी 40 टक्क्यांपर्यंत विस्ताराची मंजुरी मिळालेल्या कोळसा खाणींना त्याच हद्दीत 50 टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी नव्या सुनावणीतून सूट दिली.

मग आपण विस्ताराला हो म्हणावे की नाही? धूळ आमच्याही फुप्फुसात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये चंद्रपूरला 83.88 गुण देऊन देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत घातले, तेव्हा त्या हवेत वस्तीतली पोरेही श्वास घेत होती. कोळसा एक दिवस संपणार आहे, आणि त्या दिवशी सर्वांत आधी रिकामा होईल तो ठेक्यावरचा हात. तरीही भुकेल्या माणसाला "खाणीला विरोध कर" एवढेच सांगणे मला अप्रामाणिक वाटते. हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार माणसाला तेव्हा येतो, जेव्हा नाही म्हटल्यावरही त्याची चूल पेटते. तोवर आमच्या 'हो'ला संमती समजू नये आणि आमच्या मौनाला तर मुळीच नाही.

आता पुन्हा विस्ताराची चर्चा आहे. ह्या वेळी आम्ही, वस्तीतली चार शिकलेली मुले आणि मी, घरोघर फिरून एक वही केली आहे. कुटुंबात किती माणसे, गावात किती वर्षे, कोणाच्या वावरात काम, पाणी कोणत्या विहिरीचे, शेळ्या कोठे चरतात, ठेक्यावर कोण आणि किती महिने. प्रत्येक घराची सही किंवा अंगठा घेतला आहे. ही वही सुनावणीच्या तारखेआधी दोन प्रतींत देऊन पोच घ्यायची, असे ठरले आहे. त्या बाईच्या पानावर आम्ही हो लिहिले नाही आणि नाहीही लिहिले नाही. विहारासमोर तिने विचारले होते तेच दोन्ही प्रश्न तिच्या शब्दांत लिहून घेतले आहेत. खाली तिचा अंगठा आहे. ह्या वेळी उत्तर त्यांनी द्यायचे आहे.