साइट परदेशात, नंबर आपला: दाद कुठे मागायची?

आज मोखाड्यातून बोलतोय. विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात घरातून करतो.

माझ्या बहिणीचं नाव, मोबाइल नंबर आणि पत्ता एका परदेशी वेबसाइटवर उघडा पडला. रात्री-अपरात्री फोन यायला लागले. तिने अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. त्यात नोकरीच्या मुलाखतीचा फोनही हुकला. मी साइटला तीन मेल टाकले. उत्तर नाही. मग प्रश्न पडला, मालक परदेशात असेल तर आपला कायदा त्याला लागतो का?

कागदावर लागतो. भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देण्यासाठी कोणी परदेशात बसून आपला डेटा वापरला, तरी 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होतो. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. पण ‘आम्ही भारतीयांना सेवा देतच नाही’ म्हणणारी साइट इथेच निसटू शकते. शिवाय नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, तरी कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात.

आणि वसुली? आपल्याकडे ढोरं दुसऱ्याच्या शेतात शिरली की कोंडवाड्यात घालतात. मालक झक मारत दंड भरायला येतो. इथे कोंडायला ढोरच नाही!

युरोपलाही हीच अडचण येते. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर छापणाऱ्या ‘लोकेटफॅमिली डॉट कॉम’ला नेदरलँड्सच्या प्राधिकरणाने मे 2021 मध्ये 5 लाख 25 हजार युरो दंड ठोठावला. कारण? साइटने युरोपात प्रतिनिधीच नेमला नव्हता, त्यामुळे माहिती काढून टाका म्हणून सांगायचं कोणाला, हेच लोकांना कळेना. चेहरे गोळा करणाऱ्या ‘क्लिअरव्ह्यू एआय’ला 2024 मध्ये त्यांनीच 3 कोटी 5 लाख युरो दंड केला. तरी कंपनी ऐकेना, म्हणून संचालकांना वैयक्तिक जबाबदार धरता येईल का, ते तपासू म्हणाले.

थोडक्यात, मालक हाताला लागत नसेल तर त्याची इथली वाट अडवायची. आपल्या कायद्यातही, दोनदा किंवा जास्त वेळा दंड झालेल्याची साइट बोर्डाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार भारतात बंद करू शकतं. दंडाचे पैसे मात्र सरकारच्या तिजोरीत जातात, बहिणीला नाही.

मग आज काय करायचं? स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. नंबर-पत्ता सर्चमधून काढायची विनंती गुगलकडे करा. साइटवर तो राहील, पण शोधणाऱ्याला सहज सापडणार नाही. त्रास होत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा. आणि कुठलंही अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स मागू लागलं, तर आधी विचारा: याला माझ्या आख्ख्या गावाचे नंबर कशाला हवेत?

भेटू पुढच्या भागात. तोवर नंबर जपा!