नदीपलीकडचे देव

नाशिकहून गोव्यास कुलदैवताच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा, श्रीम्हाळसा ही सारी प्रख्यात देवस्थाने एकट्या फोंडा तालुक्यात अशी जवळजवळ का एकवटली असावीत? सोळाव्या शतकातील राजाज्ञा हे त्याचे कारण होय.

प्रजेने एकाच देवाला भजावे असा हुकूम काढणारा राजा इतिहासाला नवा नाही. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात मिसर देशाचा राजा अखेनातेन याने सूर्यबिंबरूपी आतेन हेच एक दैवत मानले, आमोन देवाचे नाव शिलालेखांतून खोडविले आणि नवी राजधानी वसविली. सुमारे सतरा वर्षांनी तो वारला आणि थोड्याच काळात जुने देव पुन्हा गाभाऱ्यांत आले. तेथे आज्ञा एका माणसाची होती. ती त्याच्याबरोबर सरली.

गोव्यातील प्रकार याहून कठीण होता. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली व देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळविण्यात आले. १५५९ मध्ये पोरक्या मुलांना ख्रिस्ती करण्याचा कायदा झाला. १५६० मध्ये इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायासन बसले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर घाला पडला.

तेव्हा गावकऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. देव राखावा तर वडिलार्जित जमीन सोडावी लागे; जमीन राखावी तर देव सोडावा लागे. कित्येकांनी मूर्ती घेऊन सीमेपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, गाठला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. त्या काळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मागे राहिलेल्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच कुळाच्या अशा दोन शाखा झाल्या.

मागे राहिलेल्यांना भ्याड म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुढच्या पिढ्यांत तो धर्म त्यांचा स्वतःचा झाला. त्या अर्थी राजाज्ञा अखेनातेनाप्रमाणे विफल झाली नाही. परंतु घराच्या उंबऱ्याआत तिची सत्ता अपुरीच पडली. १७३६ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही, धर्मन्यायासनाला नव्या धर्मातील लोकांसाठी मनाईचा जाहीरनामा काढावा लागला. त्यात तुळस लावणे, घरात धोतर नेसणे, इतकेच काय, पण हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजविणे हेही गुन्हे ठरले. जी चाल मोडली आहे, तिच्यावर बंदी घालण्याची गरज कोणास पडते? हे न्यायासन अखेर १८१२ मध्ये कायमचे उठले.

साष्टीतील कुंकळ्ळी गावची शांतादुर्गा अशीच फातर्प्याला गेली. आजही दरवर्षी फाल्गुनात छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून देवीच्या मूळ स्थानी कुंकळ्ळीस येते. गावच्या बारा वांगडांच्या बारा छत्र्या तीत असतात आणि त्या कुळांतील ख्रिस्ती घराणीही तिच्या स्वागताला उभी राहतात. राजाज्ञेने कुळाचे देव दोन केले. कुळ मात्र त्या दिवशी एकाच रस्त्यावर भेटते.