माळढोक वाढेल, पण माळ कुठे आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक आणि वीजतारांच्या खटल्याचा निकाल दिला आणि ‘पक्षी की सौर ऊर्जा’ हा वाद पुन्हा रंगला. २०२१च्या आदेशाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर टापूत वरून जाणाऱ्या वीजतारांवर बंधनं घातली होती. आता संरक्षणाचं प्राधान्यक्षेत्र राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर ठरलं आहे.

तारांचं संकट खरंच आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने उडताना त्याला नाकासमोरचं फारसं दिसत नाही. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. अगदी जवळ आल्यावर तार दिसली, तरी एवढं धूड ऐन वेळी वळत नाही. थरच्या एका पट्ट्यात वर्षाला १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. जगात दीडशेही न उरलेल्या आणि बहुधा वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ही घट सोसवणारी नाही.

पण तारा उद्या जमिनीखाली गेल्या, तरी पक्षी उतरणार कुठे?

जैसलमेर जिल्ह्यातल्या सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत माळढोकांचं प्रजनन चांगलं चाललं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. त्यामागची मेहनत थक्क करणारी आहे. मात्र या पिल्लांना कधीतरी मोकळ्यावर सोडावं लागेल, आणि तो मोकळा माळच आक्रसत चालला आहे.

सेवण हे थरचं गवत. त्याची ठोंबं खोल मूळ धरतात, दुष्काळातही तग धरतात. गाई त्यावर चरतात, माळढोक त्याच्या आडोशाला अंडं घालतो. पूर्वी उंटाच्या नांगराने वरवर जमीन उकरली जायची, ठोंबं टिकायची. ट्रॅक्टर ती मुळासकट उपटतो. इंदिरा गांधी कालवा आला, कूपनलिका खोल गेल्या आणि पावसावरचं एक पीक घेऊन पडीक राहणारी रानं बारमाही झाली. देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची गायरानं सरकारदरबारी अनेक ठिकाणी नुसती पडीक म्हणून नोंदलेली. त्यामुळे सौर प्रकल्पाला द्यायला सगळ्यात सोपी.

हे सगळं राधेश्याम बिश्नोई पोटतिडकीने सांगत असे. पोखरणजवळच्या धोलिया गावचा हा तरुण. तारांखाली मेलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवायची, ओरणांसाठी भांडायचं, उन्हाळ्यात टँकरने पाणी नेऊन जनावरांच्या कुंड्या भरायच्या, हे त्याचं आयुष्य होतं. मे २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या मागावर निघालेल्या त्याच्या गाडीला अपघात झाला. एका वनरक्षकासह चौघे गेले. राधेश्याम अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. माझ्या मते, माळढोक वाचवण्याची खरी यंत्रणा अशी माणसं हीच आहे. त्यांना पगार नाही, विमा नाही, अधिकारही नाही.

गावाला वगळून काय होतं, हे आपण सोलापुरात पाहिलं आहे. १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. शेतं, गावं, रस्ते सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले आणि कोरडवाहू ज्वारीच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या निमूट वावरणारा पक्षी शेतकऱ्याला डोळ्यांत खुपू लागला. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या होत्या. बागेचे मांडव आणि तारा यांच्यात माळढोकाला धावायलाही जागा नसते. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते.

यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी आल्यावर कोण ज्वारीवर थांबेल? म्हणूनच थरमध्ये काम जमिनीपासून सुरू व्हायला हवं. ओरणांची ओरण म्हणूनच नोंद करा. ज्याच्या रानात अंडं सापडेल, त्याला त्या हंगामाची भरपाई रोख आणि वेळेवर द्या. सेवण राखणाऱ्या पशुपालकाला त्याचा मोबदला द्या. अंड्या-पिल्लांवर टपलेल्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्तही गावाच्या मदतीनेच होईल.

नान्नजला आपण नकाशावर भली मोठी रेघ मारली आणि रेघेच्या आतला माळ गमावला. थरमध्ये पिल्लं हातात आहेत, सेवणही थोडं शिल्लक आहे. ती पिल्लं उडण्याआधी ते राखायला हवं.