मोटारीची थरथर आणि इंजिनाची बैठक



घरांतील एखाद्या वृद्ध माणसाचे हात कांपूं लागले म्हणजे आपण त्याला वैद्याकडे नेतों. पण घरांतील जुनी मोटार कांपूं लागली म्हणजे मात्र "आतां तिचें वय झालें" असें म्हणून मोकळे होतों. आज मला या दुसऱ्या कंपनाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण या रोगाचें निदान चुकल्यामुळें एक चांगली गाडी भंगारांत जातां जातां वांचलेली मीं पाहिली आहे.

माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांनीं हौसेनें घेतलेली मर्सिडीझ-बेंझ २४० डी ही डिझेल गाडी आहे. १९७६ सालीं बाजारांत आलेल्या १२३ मालिकेंतील ही गाडी. ती उभी असतांना सुकाणूचें चाक हातांत थरथरे, आरशांतील रस्ता पुसट दिसे, आणि इंजिन बंद करतांना सारी गाडी गचका खाई. एका कारखान्यांत प्रथम नोझलें बदलण्यांत आलीं, मग पंप उघडण्यांत आला. बिल बरेंच झालें. थरथर होती तशीच राहिली. अखेर गाडी विकण्याचें ठरलें. तेवढ्यांत एका वृद्ध मिस्त्रींनीं बॅटरीच्या उजेडांत खालीं डोकावून सांगितलें, "इंजिन ठणठणीत आहे, त्याचें फाउंडेशन बसलें आहे."

हें फाउंडेशन म्हणजे काय? इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट आवळलेलें नसतें. डावीकडे एक व उजवीकडे एक अशा रबराच्या दोन जाड ठोकळ्यांवर तें बसविलेलें असतें. तिसरा ठोकळा गिअरबॉक्सच्या मागील टोकाखालीं असतो. रबरावर इंजिन तरंगत ठेवण्याची ही युक्ति अमेरिकेंतील प्लिमथ मोटारीनें १९३१ सालीं 'फ्लोटिंग पॉवर' या नांवानें लोकप्रिय केली.

डिझेल गाडीला या रबराची गरज विशेष. या इंजिनांत ठिणगी नसते; हवा दाबून इतकी तापवावी लागते कीं तींत पडलेलें तेल आपोआप पेटावें. २४० डीच्या इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारें एकविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. साहजिकच प्रत्येक दाबाचा आणि प्रत्येक स्फोटाचा हिसका मोठा असतो. चार सिलिंडरांच्या या इंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. गाडी उभी असतांना इंजिन मिनिटाला सुमारें ७५० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ हिसके झाले!

ते आपल्यापर्यंत कां पोंचत नाहींत? झोपाळ्याचें उदाहरण घ्या. त्याच्या स्वतःच्या लयीशीं जुळवून हलका धक्का दिला तरी झोंका वाढत जातो. पण त्या लयीहून पुष्कळच जलद, भराभर धक्के दिले तर झोपाळा जवळजवळ जागचा हालत नाहीं. मऊ रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची लय अशीच मंद असते. सेकंदाला २५ हिसक्यांशीं ती जुळत नाहीं, म्हणून ते रबरांतच जिरतात. वर्षें लोटलीं कीं रबर कडक होतें. लय जलद होऊन हिसक्यांच्या जवळ येते. किंवा रबर दबून इतकें बसतें कीं लोखंड लोखंडाला टेंकतें. मग हिसका सरळ आपल्या आसनापर्यंत येतो.

यावरून दुसरीहि एक गोष्ट कळेल. इंजिन सुरू किंवा बंद होतांना त्याचा वेग त्या मंद लयीच्या टप्प्यांतून जातो. म्हणून त्या क्षणीं थोडा गचका नव्या रबरावरहि बसतो. तेवढ्यानें घाबरूं नये.

आतां निदान. पहिला प्रश्न असा, कीं इंजिन स्वतः लंगडतें आहे, कीं त्याची बैठक बिघडली आहे? बॉनेट उघडून कान द्यावा. आवाजाचा ताल मधूनच चुकत असेल, धूर येत असेल, तर एखादें सिलिंडर नीट काम करीत नाहीं असें समजावें. तेथें रबर बदलून उपयोग नाहीं. पण आवाज एकसारखा असून केवळ गाडीचें अंगच थरथरत असेल, तर संशय बैठकीकडे वळवावा. मात्र इंजिनाची मंद चाल कारखानदारानें सांगितल्याइतकी आहे ना, हें आधीं पाहावें; ती फारच कमी ठेवली तरी गाडी कांपते.

मग इंजिन बंद व थंड असतांना उजेड धरून दोन्ही ठोकळे पाहावेत. एकाची उंची दुसऱ्याहून कमी आहे काय? रबराला भेगा आहेत काय? तें बाजूंनीं फुगून तेलानें बुळबुळीत झालें आहे काय? यांपैकीं एकहि खूण पुरेशी आहे. शेवटीं एक परीक्षा दोघांनीं मिळून करावी. एकानें आंत बसून पायाचा व हाताचा ब्रेक घट्ट लावून ठेवावा, आणि पहिला व मग उलटा गिअर टाकून क्लच किंचित् सोडावा. दुसऱ्यानें बाजूस उभें राहून पाहावें. गाडीच्या पुढें किंवा मागें कधींहि उभें राहूं नये. इंजिन थोडें कलणारच; पण एक बाजू उचलून धपकन् खालीं आली, तर रबर फाटलें आहे.

हें दुखणें अंगावर काढणें महाग पडतें. सैल इंजिन हेलकावलें म्हणजे पंखा आपल्या आवरणाला घांसतो, धुराड्याच्या नळीचे सांधे तडकतात, तेलाच्या नळ्यांवर ताण येतो, आणि एका रबराचा भार दुसऱ्यावर पडून तेंहि लवकर जातें.

बदलण्याचें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें. पण काय व्हावयास हवें हें मालकाला ठाऊक असावें. गाडी सपाट जागीं मजबूत घोड्यांवर उभी करावी; केवळ जॅकवर असलेल्या गाडीखालीं कोणीं जाऊं नये. बॅटरीची तार काढावी. इंजिनाचे हेलकावे आवरणारे लहान शॉक ॲब्सॉर्बर व पंख्याचें आवरण मोकळें करावें. तेलाच्या टाकीखालीं रुंद फळी देऊन मगच जॅक लावावा, नाहीं तर टाकी चेपेल. ठोकळ्यांचे बोल्ट काढून इंजिन भार सुटण्यापुरतेंच, हळूहळू, नळ्यांवर लक्ष ठेवून उचलावें. दोन्ही बाजूंचीं रबरें एकदमच बदलावींत, आणि गिअरबॉक्सखालचेंहि तपासावें. एक नवें व एक जुनें ठेवलें तर इंजिन तिरपेंच बसेल. बोल्ट प्रथम सैल ठेवून, भार नीट बसल्यावर, पुस्तकांत दिलेल्या जोरानें आवळावेत.

दोन सूचना. रबराचा शत्रु तेल आहे. इंजिनांतून गळती होत असेल तर ती आधीं बंद करावी. आणि टायरचे तुकडे किंवा कडक ठोकळे घालून वेळ मारून नेऊं नये. इंजिन त्यांवर टिकेल, पण थरथर वाढेल. कारण या ठोकळ्याचा खरा गुण बळकटपणा नव्हे, मऊपणा आहे.

स्नेह्यांच्या गाडीला तिन्ही रबरें नवीं बसलीं. त्यांचा खर्च आधींच्या बिलापुढें किरकोळ होता. आरशांतील रस्ता आतां स्पष्ट दिसतो, आणि गाडी विकण्याची भाषा त्या घरांत कोणी काढीत नाहीं. तेव्हां जुनी डिझेल गाडी कांपूं लागली, तर मोठा खर्च करण्यापूर्वीं, आणि तिला निरोप देण्यापूर्वीं तर अवश्यच, एकदां वांकून तिच्या इंजिनाची बैठक पाहावी.