एअरबॅगचा दिवा : घरी हात घालावा की जाणकाराकडे न्यावे?

लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गाड्यांच्या कामावर पोट असलेले आमचे बांधव थोडेथोडके नाहीत. कुणी ऑटो-इलेक्ट्रिशियन, कुणी डेंटिंग-पेंटिंगवाला, कुणी सीट-कव्हर शिवणारा, तर कुणी जुन्या गाड्यांचा व्यापारी. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा आता या रस्त्यावरचा धंदा बसणार असे बोलले जात होते. तसे झाले नाही. शनिवार-रविवारी घाट चढून येणाऱ्या गाड्यांनी धंदा टिकवला. मात्र गाड्या बदलल्या, आणि आमचे हुनर त्यांच्यासोबत बदलले की नाही, हा प्रश्न आम्हाला गेल्या पावसाळ्यात कामशेतजवळच्या एका दुकानात पडला.

मुंबईहून आलेली एक गाडी उभी होती. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला. मालकाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरीच सीटखालचा पिवळा प्लग उघडला होता. दिवा विझला नाही म्हणून गाडी इथे आणली. दुकानातल्या पोराने सवयीने टेस्ट लॅम्प उचलला आणि तो पिवळ्या वायरला लावणार, इतक्यात वस्तादांनी त्याचा हात धरला. "बॅटरी काढलीस का? आणि काढली असलीस तरी त्या वायरला हे लावायचं नाही!"

वस्तादांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. हॉर्न, हेडलाइट, वायपर यांच्या कामात टेस्ट लॅम्प म्हणजे कारागिराचा उजवा हात. एअरबॅगच्या तारेच्या टोकाला मात्र दिवा किंवा मोटर नसते, तिथे एक छोटी सुरुंगवात असते. तिला पेटायला थोडासा प्रवाह पुरतो. टेस्ट लॅम्पमधून जाणारा प्रवाह त्यासाठी भरपूर आहे, आणि साध्या मीटरने तिचा ओहम मोजणेही कंपन्यांच्या पुस्तकांत मना केलेले असते. पेटल्यावर पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास, पूर्ण फुगते. त्या वेळी समोर वाकलेल्या माणसाचे तोंड, मनगट, डोळे यांची कल्पना करावी.

बॅटरी काढली म्हणजे धोका टळला, हाही भ्रम आहे. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो आणि तो काही वेळ चार्ज धरून ठेवतो. म्हणून निगेटिव्ह टर्मिनल काढून त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेली मिनिटे थांबावेच लागते. याच युनिटवर सीटबेल्ट झटक्यात आवळणारी यंत्रणाही चालते आणि तिच्यातही बारूद असते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ कारागिरांना ठाऊक नाही. वेल्डिंग करणाऱ्या डेंटिंगवाल्यांनी तर ती अवश्य ध्यानात ठेवावी.

मग घरी काहीच करू नये काय? आमचे मत असे की, मालकाने घरी फक्त बघावे. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बहुतेक गाड्यांत पिशवी गरजेच्या वेळी उघडेल याचा भरवसा धरता येत नाही. सीट धुतली किंवा कव्हर बदलले त्यानंतर दिवा लागला असेल, बॅटरी उतरली असेल, गाडीत पाणी शिरले असेल, तर तेवढे कारागिराला सांगावे. निम्मे निदान तिथेच होते. पुढचे काम स्कॅनरचे. पाच-सातशे रुपयांचे जे यंत्र मिळते ते बहुधा इंजिनचेच कोड वाचते. एअरबॅगचे युनिट वाचणारा स्कॅनर महाग असतो. चार दुकानांनी मिळून एक घेतला तर काय बिघडते? भागीदारीत बोअरवेल घेणारी आमची माणसे स्कॅनरच्या बाबतीत का अडतात, ते आम्हाला कळत नाही.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अनेक गाड्यांत एअरबॅगचे युनिट मधल्या कन्सोलखाली, फरशीला लागून बसवलेले असते, त्यामुळे गालिचा भिजला की प्लगला गंज धरतो. हे काम दिवा विझवण्याचे नाही, पाणी कुठून येते ते शोधण्याचे आहे. दिवा लागला आणि सोबत हॉर्नही बंद पडला, तर संशय स्टिअरिंगखालच्या गोल गुंडाळलेल्या पट्टीवर, म्हणजे क्लॉक स्प्रिंगवर घ्यावा. ती तुटली तर बदलायची. झाळून जोडायची नाही.

आता सीट-कव्हरवाल्या बांधवांकडे येतो, कारण ते स्वतःला या विषयापासून दूर समजतात. पुष्कळ गाड्यांत बाजूची पिशवी सीटच्या पाठीत, दरवाजाच्या अंगाला असते. तिथे तशी लहानशी चिठ्ठी शिवलेली दिसते. त्यावरून जाड रेक्झिन दुहेरी शिलाईने ताणून बसवले की पिशवीची वाट बंद झाली. कव्हर सुंदर दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि अपघात झाला तर आपण काय केले होते ते कुणाला कळतही नाही. ही अमानतीची बाब आहे. त्या बाजूला उसवणारी शिलाई असलेली कव्हरे मिळतात, ती वापरावीत. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवलेली आयतल-कुर्सीची फ्रेम आणि अत्तराची बाटली यांचेही तसेच. भावना चांगली, जागा चुकीची. पिशवी उघडली की ती बाटली थेट शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येईल. फॅब्रिकेशनवाल्यांनी लोखंडी बुलगार्ड बसवणेही सोडावे. त्याने सेन्सरला धक्क्याचा खरा अंदाज येत नाही, आणि केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदीचा आदेश काढलेला आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांशी थोडे कडक बोलावे लागेल. उघडलेली पिशवी कापून, झाकण चिकटवून, प्लगमध्ये दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर टोचून दिवा विझवायचा आणि गाडी विकायची, हा प्रकार बाजारात चालतो. काही जण दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. युनिटला वाटते पिशवी आहे. गिऱ्हाइकालाही तसेच वाटते. आम्ही स्वतः एकदा अशी गाडी घेऊन फसलो आहोत. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, आणि तो लागत नाही हेच लक्षण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

बनावट मालाचा धोका याहून मोठा. २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाने बनवलेल्या नऊशेहून अधिक एअरबॅग पकडल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने हलक्या दर्जाच्या बदली इन्फ्लेटरमुळे माणसे दगावल्याचा जाहीर इशारा दिला. नामांकित कारखान्याच्या मालातही चूक होते, हे जपानच्या ताकाता कंपनीने दाखवले. उष्ण-दमट हवेत तिच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट कालांतराने बिघडे आणि फुटताना धातूचे तुकडे उडत. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी ते फुकट बदलून दिले. दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी असेल तर तिचा चासी नंबर कंपनीच्या सेंटरवर दाखवून चौकशी करावी. त्याला पैसे पडत नाहीत.

हे काम वाढतच जाणार आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटसाठीही. म्हणजे आज कंपनीच्या हमीत असलेल्या गाड्या उद्या आमच्याच दुकानांत येणार.

कामशेतच्या त्या गाडीचे सांगायचे राहिले. वस्तादांनी बॅटरी काढून चहा मागवला, चहा संपल्यावरही आणखी थांबले, मग सीटखालचा प्लग पुसून टकक् आवाज येईपर्यंत नीट बसवला. बॅटरी जोडताना गाडीत कुणाला बसू दिले नाही. स्कॅनर शेजारच्या गावाहून मागवला. कोड पुसला आणि दिवा विझला. साडेतीनशे रुपये झाले, त्यातले दीडशे स्कॅनरवाल्याचे. पोराला मात्र दुपारभर पिवळा प्लग कुठल्या गाडीत कुठे असतो ते वहीत लिहायला बसवले.