फाइल कॉपीला अडीच तास लागतात? इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा



समजा, तुमचा गंगाखेडला किंवा सेलूला फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लगीनसराई चालू आहे. काल रात्रीच्या लग्नाचा १०० जीबी डेटा कॉम्प्युटरवर उतरवला आणि आता तो घरातल्या सर्व्हरवर टाकायचाय. स्क्रीनवर वेग दिसतोय ११ एमबी प्रति सेकंद. म्हणजे हिशोब केला तर अडीच तास! तिकडे दुपारच्या ऑर्डरसाठी कॅमेरावाला कार्ड मागतोय. मग आपण काय करतो? ‘राहू दे, कॉम्प्युटरवर आहे ना एक कॉपी’ असं म्हणून कार्ड फॉरमॅट करून मोकळे होतो.

इथेच धंद्याचा खरा धोका आहे. वेळ जातो तो जातोच, पण कॉपी करायला वेळ लागतो म्हणून बॅकअप टाळला जातो. उद्या तो एक कॉम्प्युटर बंद पडला, तर ग्राहकाचं लग्न पुन्हा लावता येत नाही.

हे फक्त स्टुडिओवाल्यांचं दुखणं नाही. फ्लेक्स प्रिंटिंगच्या मोठ्या डिझाइन फाइल्स, टॅक्स सल्लागाराच्या टॅलीचा डेटा, सेवा केंद्रातले स्कॅन केलेले कागद, सगळीकडे हीच अडचण येते. जुन्या कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क लावून सर्व्हर केला असेल किंवा नॅसचा तयार डबा आणला असेल, तपासायची पद्धत एकच आहे.

इंटरनेटचा इथे संबंध नाही

वेग कमी दिसला की बरेच जण पहिला फोन इंटरनेटवाल्याला करतात आणि प्लॅन वाढवून घेतात. दर महिन्याचा खर्च वाढतो, कॉपीचा वेग मात्र तेवढाच राहतो. कारण तुमच्या कॉम्प्युटरवरून तुमच्याच सर्व्हरवर जाणारी फाइल घराबाहेर जातच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी ती कॉपी होते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे त्यांना हे लगेच कळेल. कालवा काठोकाठ भरून वाहत असला, तरी शेतात पाणी येतं ते तुमच्या चारीतून मावेल तेवढंच. नेटवर्कचंही तसंच आहे. कॉम्प्युटर, केबल, राउटर, पुन्हा केबल, सर्व्हर, त्यातली डिस्क, या साखळीत जी जागा सगळ्यात अरुंद, तिच्याच वेगाने फाइल जाणार. म्हणून आधी अरुंद जागा शोधायची आणि मगच खिशात हात घालायचा.

बिट आणि बाइट यांची गल्लत करू नका

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, म्हणजे एमबीपीएस. विंडोज कॉपी करताना मेगाबाइट दाखवतं. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर जास्तीत जास्त १२.५ एमबी प्रति सेकंद मिळू शकतात, प्रत्यक्षात ११ ते १२ मिळतात. गिगाबिट म्हणजे १,००० एमबीपीएसच्या लाइनवर साधारण ११० ते ११५ मिळतात. तेच १०० जीबी मग पंधरा-सोळा मिनिटांत जातात.

आकडा बघा, दुखणं ओळखा

कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर असलेली ५ ते १० जीबीची एकच व्हिडिओ फाइल सर्व्हरवर टाका. कार्ड रीडरवरून किंवा पेन ड्राइव्हवरून टेस्ट करू नका. तिथला यूएसबीच हळू असेल तर तुम्ही उगाच नेटवर्कला दोष द्याल. आता आकडा बघा:

- ११-१२ वर स्थिर: साखळीत कुठेतरी १०० एमबीपीएसचा तुकडा आहे.
- ३०-४० वर स्थिर: डिस्क बहुतेक यूएसबी २.० पोर्टला लावलेली आहे.
- सतत वर-खाली: वायफाय.
- सुरुवातीला १००, थोड्या वेळाने धाडकन २०-३०: सर्व्हरच्या डिस्कला लिहिणं झेपत नाही.
- ११० च्या आसपास: गिगाबिटचं काम उत्तम चाललंय, काही विकत घेऊ नका.

तपासणी १: वायफाय सोडा, केबल लावा

लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्ही एकाच राउटरच्या वायफायवर असतील, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते: लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून सर्व्हरकडे. दोघं एकाच चॅनलवर असतील तर वेग निम्म्याच्या घरात येतो. किमान सर्व्हर तरी केबलने जोडाच. लॅपटॉप वायफायवरच ठेवायचा असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि राउटरच्या जवळ बसा, कारण ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून कमी जातो.

तपासणी २: लिंक स्पीड

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, तिथे ईथरनेटची माहिती उघडा. ‘लिंक स्पीड’ समोर १०००/१००० असेल तर छान. १००/१०० असेल तर चोर सापडला. सर्व्हरवरही हेच बघा, कारण एक टोक ठीक आणि दुसरं अडकलेलं, असंही होतं.

१०० दिसलं तर आधी केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० एमबीपीएस चार तारांवर चालतं. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा कनेक्टर नीट दाबला गेला नसेल, तर लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. काही ठिकाणी वायरिंग करताना एकाच केबलच्या आठ तारांतून दोन कनेक्शन काढलेली असतात. तिथेही गिगाबिट येणार नाही.

केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं. १०० मीटरपर्यंत गिगाबिटला कॅट ५ई पुरते. फक्त दुकानात विचारून शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, आणि लांब अंतरावर ती त्रास देते.

तपासणी ३: राउटरचे पोर्ट

केबल बदलूनही १०० च दिसतंय? मग राउटर बघा. इंटरनेट कनेक्शनसोबत मिळणाऱ्या बऱ्याच साध्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. काहींत एकच पोर्ट गिगाबिट असतो. खालचं लेबल वाचा, मॉडेल नंबर शोधा.

उपाय सोपा आहे. ५ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणा. साधारण हजार-दीड हजारात काम होतं. कॉम्प्युटर आणि सर्व्हर दोघांच्या केबल स्विचमध्ये लावा, आणि स्विचमधून एक केबल राउटरला द्या. आता फाइल्स स्विचमधूनच परस्पर जातील, राउटर मध्ये येणारच नाही. काही स्वस्त लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असतो. त्याला यूएसबी ३.० चं गिगाबिट अडॅप्टर लावा.

तपासणी ४: नेटवर्क की डिस्क?

‘आयपर्फ ३’ हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही मशीनवर चालवा. ते डिस्कला हातही लावत नाही, फक्त लाइनचा वेग मोजतं. ९४० एमबीपीएसच्या आसपास आलं तर लाइन निर्दोष आहे, दोष डिस्ककडे. ९४ च्या आसपास आलं तर तपासणी २ आणि ३ पुन्हा करा.

डिस्ककडे दोष असेल तर पहिला प्रश्न: ती यूएसबीची आहे का? असेल तर यूएसबी ३.० पोर्टला लावा. त्याच्या आतला भाग बऱ्याचदा निळा असतो. डिस्क थेट राउटरच्या यूएसबीला लावली असेल तर फार अपेक्षा ठेवू नका, राउटरचा प्रोसेसर तेवढ्या कामासाठी नसतो.

दुसरा प्रश्न: डिस्क एसएमआर प्रकारची आहे का? यात डेटाच्या पट्ट्या कौलारू छपरासारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे पुन्हा लिहिताना होतं. म्हणून थोडा डेटा पटकन जातो आणि मोठी कॉपी मध्येच रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं पुढे आलं, तेव्हा यावरून जगभर बोभाटा झाला. नंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या केल्या. सर्व्हरसाठी डिस्क घेताना ‘सीएमआर आहे का?’ हे विचारूनच घ्या.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: डिस्क मरायला तर टेकली नाही ना? कॉपी मध्येच शून्यावर येऊन थांबते, पुन्हा सुरू होते, टकटक आवाज येतो, ही लक्षणं असतील तर वेगाचा विचार सोडा. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने तब्येत बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर आतून भाजून निघतो. त्याला मोकळी हवा लागेल अशी जागा द्या.

हजारो छोट्या फाइल्सचं काय?

दहा जीबीची एक फाइल आणि दहा जीबीचे पाच हजार फोटो, यांना सारखा वेळ लागत नाही. प्रत्येक फाइलसाठी उघडणं, नोंद करणं, बंद करणं हे वेगळं काम असतं, वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. फोटोंचा वेग व्हिडिओपेक्षा कमी दिसला तर तो बिघाड नाही. टॅलीसारखा जुना डेटा ठेवायचा असेल तर त्याची एक झिप करून पाठवा.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे?

आधी फुकटातलं: पोर्ट बदलणं, लिंक स्पीड बघणं. मग केबल, मग स्विच, मग डिस्क. नवीन कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

आजचं काम

आज दुकान बंद करायच्या आधी एक मोठी फाइल सर्व्हरवर टाका आणि वेगाचा आकडा वहीत तारखेसह लिहा. शेजारी दोन्ही बाजूंची लिंक स्पीड लिहा. काही बदललं की पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वेग सुधारला की दुकानात एक नियम लावा: डेटा दोन ठिकाणी पोहोचून उघडून बघितल्याशिवाय कोणीही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पंधरा मिनिटांत कॉपी होत असेल, तर हा नियम मोडायला कोणाकडे कारणच उरत नाही.