जुन्या रेडिओ संचांची दुरुस्ती व जतन

जुन्या रेडिओ संचांची दुरुस्ती व जतन हा निर्वात नलिकांवर चालणारे रेडिओ पुन्हा चालू स्थितीत आणण्याचा आणि त्यांचे मूळ रूप टिकवून ठेवण्याचा छंद होय. निर्वात नलिकेस दुरुस्तीच्या बोलीत 'व्हॉल्व्ह' म्हणतात. त्यावरून या संचांना व्हॉल्व्ह रेडिओ हे नाव पडले. या छंदात प्रामुख्याने १९२० ते १९६० या दशकांतील संच हाताळले जातात. संच वाजला पाहिजे आणि तो ज्या काळी बनला त्या काळाच्या खुणाही त्यावर राहिल्या पाहिजेत, अशी दोन उद्दिष्टे येथे एकत्र येतात. प्रसंगी ती परस्परांच्या आड येतात. त्यांचा मेळ घालणे हेच या कामातील खरे कौशल्य समजले जाते.

पार्श्वभूमी

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका तयार केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसऱ्या अग्राची भर घातली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन पद्धती शोधून काढली आणि पुढील काळातील बहुतेक घरगुती रेडिओ याच पद्धतीवर बांधले गेले.

भारतात २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. सरकारी नभोवाणीस १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. घरी रेडिओ ठेवण्यासाठी परवाना घ्यावा लागे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. महाराष्ट्रातील घरांत मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको आदी संच असत. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला आणि १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. त्यानंतर व्हॉल्व्ह रेडिओ हळूहळू दिवाणखान्यातून माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारात गेले. मुंबईचा चोरबाजार व पुण्याचा जुना बाजार येथे असे संच पाहावयास मिळतात.

रचना व कार्य

सुपरहेटरोडाइन संचात अँटेनाकडून आलेल्या लहरींमध्ये संचातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळतात. त्या दोहोंच्या कंप्रतांमधील फरक नेहमी सारखा राहील अशी योजना असते. हा फरक अनेक संचांत ४५५ किलोहर्ट्झ असतो. उदाहरणार्थ, ५५८ किलोहर्ट्झवरील केंद्र लावले असता संचातील आंदोलक १,०१३ किलोहर्ट्झची लहर निर्माण करतो. केंद्र कोणतेही असो, पुढील टप्प्यांना एकाच कंप्रतेवर काम करावे लागत असल्याने निवड नेमकी होते. त्यानंतर लहरीतून ध्वनिसंकेत वेगळा काढून, तो वर्धित करून स्पीकरला दिला जातो.

व्हॉल्व्हच्या नावावरूनही बरीच माहिती मिळते. युरोपीय पद्धतीत 'ई' या अक्षराने आरंभ होणाऱ्या व्हॉल्व्हच्या तंतूस ६.३ व्होल्ट लागतात, उदा. ईसीएच ८१. 'यू' या अक्षराचे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअर प्रवाहावर एकसर जोडणीत चालतात. वीज न पोहोचलेल्या गावांसाठी बॅटरीवरचे संच मिळत. त्यांतील 'डी' अक्षराच्या व्हॉल्व्हना तंतूसाठी सुमारे दीड व्होल्ट व मुख्य पुरवठ्यासाठी साधारणतः ९० व्होल्टची बॅटरी लागे. ती आता सहज मिळत नाही; म्हणून छंदी कारागीर ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकसर जोडून तिची उणीव भरून काढतात.

बिघाडाची कारणे

संच बंद पडला की व्हॉल्व्ह गेला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात काचेचे व्हॉल्व्ह पुष्कळदा शाबूत असतात आणि दोष संधारित्रांत, म्हणजे बोलीभाषेतील कंडेन्सरमध्ये आढळतो. विद्युत-अपघटनी कंडेन्सरमधील द्रव कालांतराने सुकतो. मग स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येऊ लागतो. मेणकागदी कंडेन्सरमध्ये दमट हवा शिरते व त्यांतून प्रवाह गळू लागतो.

यांपैकी एक कंडेन्सर विशेष महत्त्वाचा असतो. अखेरच्या वर्धक व्हॉल्व्हच्या ग्रिडला ध्वनिसंकेत पोहोचवणे आणि आधीच्या टप्प्यातील उच्च व्होल्टता तेथे जाऊ न देणे, हे त्याचे काम. तो गळू लागला की ग्रिड धन होते, व्हॉल्व्हमधून अतिरिक्त प्रवाह वाहतो आणि व्हॉल्व्हबरोबर स्पीकरचे रोहित्रही जळू शकते. त्यामुळे वर्षानुवर्षे बंद असलेला संच 'वाजतो का पाहू' म्हणून थेट वीजपुरवठ्यास जोडणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरते. अल्प खर्चाचा सुटा भाग वेळीच न बदलल्याने दुर्मीळ भाग कायमचा गमावला जातो.

याशिवाय जुन्या कार्बनी रोधकांचे मूल्य वाढणे, तारांवरील रबर ठिसूळ होणे, आवाजाच्या बटणात खरखर येणे, काटा फिरवणारी दोरी तुटणे आणि उंदरांनी तारा कुरतडणे हेही नेहमीचे दोष आहेत.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम संचाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात. मागील फळीवर किंवा पेटीच्या आत चिकटवलेला व्हॉल्व्हच्या जागांचा कागद जपला जातो. संचाचा विद्युत आराखडा मिळाल्यास काम सुकर होते. त्यानंतर रोहित्रांची वेटोळी तुटलेली नाहीत ना, हे मापकाने तपासतात आणि धोक्याचे कंडेन्सर बदलतात. जुना डाख सोडवताना व्हॉल्व्हच्या बैठकीला ताण बसू नये, याची काळजी घ्यावी लागते.

पहिल्यांदा वीज देताना संच तापदीपाच्या बल्बशी एकसर जोडतात. संचात कोठे संक्षेप झाला असेल, तर बल्ब प्रखर पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढील मोजमापे घेण्यास हरकत नसते. मध्यम कंप्रतेच्या रोहित्रांची जुळणी सर्वांत शेवटी व गरज असेल तरच करतात.

सुरक्षितता

व्हॉल्व्ह रेडिओमध्ये २०० ते २५० व्होल्टची एकदिश वीज सामान्य आहे आणि ती प्राणघातक ठरू शकते. संच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये प्रभार शिल्लक राहतो. योग्य रोधकामार्फत तो काढून टाकल्याशिवाय आत हात घालू नये. एसी-डीसी प्रकारच्या संचांत धातूचा सांगाडा घरगुती विजेच्या एका तारेस थेट जोडलेला असतो. अशा संचावर काम करताना विलगक रोहित्र वापरणे आवश्यक असते. नवशिक्यांनी आरंभी जाणकाराच्या देखरेखीखालीच काम करावे.

पेटीचे जतन

पेट्या लाकडाच्या किंवा बेकलाइटच्या असतात. लाकडी पेटीस वाळवी व ओल यांपासून धोका असतो. सुटलेला पातळ लाकडी पापुद्रा पुन्हा चिकटवता येतो. पण संपूर्ण पेटी घासून नवे पॉलिश चढवल्यास मूळ झळाळी व बारीक अक्षरे नाहीशी होतात. डायलच्या काचेवर शहरांची त्या काळची नावे रंगवलेली असतात. हा रंग काचेच्या मागील बाजूस असून ओल्या फडक्यानेही निघू शकतो. म्हणून ती बाजू कोरड्या मऊ कुंचल्याने केवळ झटकली जाते.

मूळपणाचा प्रश्न

जुना रेडिओ हे यंत्र आहे, तसाच तो पुरावाही आहे. पूर्वीच्या दुरुस्तीकाराने दिलेला डाख, बदललेले बटण किंवा पेटीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली तारीख यांतून त्या संचाचा वापर कळतो. सगळे काही नवे केले, तर संच वाजेल. पण त्याचे सांगणे बंद होईल. उलट, काहीच बदलले नाही, तर तो मुका राहील. म्हणून अनेक छंदी कारागीर दोन नियम पाळतात: आवश्यक तेवढाच बदल करावा आणि केलेला बदल पुढे उलटवता यावा. जुन्या कंडेन्सरचे कवच पोकळ करून त्यात नवा कंडेन्सर बसवणे, काढलेले भाग चिठ्ठीसह पेटीतच ठेवणे आणि कामाची नोंद लिहिणे, हे त्यातील रूढ मार्ग आहेत. आतील भाग काढून रिकाम्या पेटीत आधुनिक स्पीकर बसवणे हे जतन मानले जात नाही.

सद्यःस्थिती

ईएल ८४ सारखे काही व्हॉल्व्ह गिटारच्या वर्धकांमुळे आजही तयार होतात. रेडिओसाठीचे बहुतेक व्हॉल्व्ह मात्र जुन्या साठ्यांतूनच मिळवावे लागतात. मुंबईतील लॅमिंग्टन रस्त्यावरील बाजारात कंडेन्सर व रोधक मिळतात.

सुट्या भागांहून गंभीर प्रश्न प्रक्षेपणाचा आहे. यांतील बहुतेक संच मध्यम व लघुलहरींवरील परमप्रसर विरूपित प्रक्षेपणच ग्रहण करतात आणि जगभर अशी केंद्रे कमी होत आहेत. जर्मनीतील डॉइचलांडफुंक या नभोवाणीने मध्यम लहरींवरील प्रक्षेपण २०१५ च्या अखेरीस थांबवले. अशी केंद्रे बंद झाल्यावर निर्दोष दुरुस्त केलेल्या संचातूनही केवळ खरखर ऐकू येते. त्यामुळे संचाबरोबर त्याचा आराखडा, दुरुस्तीची नोंद आणि तो हाताळण्याचे ज्ञान पुढील पिढीकडे सोपवणे हा या छंदाचा अधिकाधिक महत्त्वाचा भाग होत आहे.